मोटारीला दिवा देणारा अधू डोळ्यांचा माणूस

सोलापूरच्या भवानी पेठेतून अंधार पडल्यावर कितीतरी पिकअप गाड्या बाहेर पडतात. कुणाच्या हौद्यात चादरी-टॉवेलचे गठ्ठे, कुणाच्या भाजीपाला, कुणाच्या सिमेंटच्या गोण्या. कुणाला तुळजापूर गाठायचे असते, कुणाला बार्शी, तर कुणाला अक्कलकोट. अलीकडे यातल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीच्या पिवळसर दिव्याऐवजी बाहेरून बसवलेला पांढराफटक एलईडी दिवा असतो. चालकाला वाटते, रस्ता लख्ख झाला. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मात्र त्या क्षणी काहीच दिसत नाही.

दिव्याचा फायदा गाडीतल्या माणसाला आणि त्रास गाडीबाहेरच्या माणसाला, हे कोडे आजचे नाही. मोटारीला विजेचा दिवा मिळाला तेव्हापासूनचे आहे. तो दिवा ज्यांच्यामुळे घरोघरच्या मोटारीत आला, ते चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग स्वतः डोळ्यांनी अधू होते. त्यांचे आयुष्य वैद्यकाशी इतक्या ठिकाणी जोडलेले आहे की आरोग्याच्या सदरात त्यांची ओळख करून देणे मुळीच अस्थानी नाही.

शेतातला मुलगा, दुखणारे डोळे

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांत ते चौथे. अभ्यासात हुशार, पण वाचायला बसले की डोळे शिणायचे आणि डोके दुखायचे. शालेय शिक्षण संपल्यावर ते खेड्यातल्या शाळेत शिक्षक झाले. संध्याकाळी मुलांना जमवून वीज, उष्णता, चुंबकत्व, गुरुत्वाकर्षण यांचे प्रयोग करून दाखवत. पुस्तकापेक्षा हाताने करून पाहण्याची ही सवय पुढे जन्मभर टिकली.

नंतर ते ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला गेले. तिथे डोळ्यांनी असा दगा दिला की शिक्षण अर्धवट सोडावे लागले. सुरुवातीला ते फार खचले. मग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीवर मुकादम म्हणून काम धरले. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. या कामात बारीक अक्षरे वाचावी लागत नव्हती आणि विजेचे ज्ञान मात्र रोज वापरावे लागत होते. हळूहळू उमेद परत आली, डोळेही थोडे सुधारले. ते पुन्हा विद्यापीठात गेले आणि १९०४ मध्ये विद्युत अभियंता होऊन बाहेर पडले. वय होते जवळजवळ २८. याच टेलिफोनच्या दिवसांत ओळख झालेल्या ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी १९०५ मध्ये त्यांचा विवाह झाला.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवत. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. छोट्या यंत्रात मोठी मोटर मावणे शक्य नव्हते. त्यांनी विचार केला की गल्ला उघडायला जोर लागतो तो क्षणभरच. मग दिवसभर जोर देणारी मोटर हवी कशाला? क्षणभर ताकदीपलीकडचे काम करील आणि मग विसावा घेईल अशी लहान मोटर पुरे. ही साधी कल्पना पुढे मोटारीच्या दुनियेत फार उपयोगी पडली.

हँडल, मोडलेले मनगट आणि कार्बाइडची बत्ती

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. इंजिनने उलटा झटका दिला की हँडल हातातून निसटून मनगटावर बसे. त्यातून अंगठ्याच्या बाजूचे हाडाचे टोक तुटे. अस्थिरोगतज्ज्ञ आजही या फ्रॅक्चरला शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात. हँडल गेले, नाव राहिले. कुणाचा जबडा मोडे, कुणाचे दात पडत. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या एका स्नेह्याला अशीच जबर इजा झाली आणि पुढे तो दगावला, त्यामुळे लेलँड यांनी हँडलचा नाद सोडायचे ठरवले, अशी हकिगत सांगितली जाते.

रात्रीच्या प्रवासाची तऱ्हाही अशीच होती. पुढच्या दिव्यात ॲसिटिलीन वायू जळे. कार्बाइडवर पाणी ठिबकले की हा वायू तयार होतो. जत्रेतल्या दुकानांवर जळणारी कार्बाइडची बत्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो उग्र वास आठवेल. गाडी थांबवायची, उतरायचे, काडी लावायची. वारा आला की ज्योत फडफडायची.

केटरिंग यांनी १९०९ मध्ये सहकारी एडवर्ड डीड्स यांच्यासह डेल्को ही कंपनी काढली. सुरुवातीचे काम डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात, नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चाले. कॅडिलॅकसाठी आधी त्यांनी ठिणगीची नवी व्यवस्था करून दिली. मग स्टार्टरचे काम हाती घेतले. गल्ल्याच्या मोटरचेच तत्त्व इथेही लागू होते, कारण इंजिन फिरवायला जोर लागतो तो काही क्षणच. तेवढा वेळ बॅटरीने मोटर फिरवायची. इंजिन सुरू झाले की त्याच यंत्राने डायनॅमो होऊन बॅटरी पुन्हा भरायची. ठिणगी आणि दिवे यांनाही वीज तिथूनच. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत स्टार्टर, ठिणगी आणि विजेचे दिवे अशी एकत्र जोडलेली व्यवस्था आली. त्याबद्दल कंपनीला मानाचा ड्यूअर चषक मिळाला.

विजेचा दिवा त्याआधीही काही मोटारींवर होता. पण बॅटरी लवकर उतरे आणि खड्ड्यांच्या धक्क्याने तार तुटे. बॅटरी, डायनॅमो, तार आणि दिवा ही एकच साखळी आहे, यातली एक कडी कच्ची राहिली तर दिवा नीट जळणार नाही, ही केटरिंग यांच्या व्यवस्थेची खरी शिकवण होती. नुसता बल्ब बदलून उजेड वाढवू पाहणारे आजही ही साखळी विसरतात.

उजेड आला, सोबत दिपवणेही आले

विजेचा झोत स्थिर आणि तीव्र होता. त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. झोत खाली वळवण्याच्या युक्त्या १९१५ च्या सुमारासच आल्या. १९२४ मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला बल्ब आला. एक तार लांबच्या झोतासाठी, दुसरी खालच्यासाठी. आपल्याकडचे अप्पर-डिपर ते हेच. १९४० मध्ये अमेरिकेत काच, आरसा आणि तार एकत्र सीलबंद केलेला दिवा सक्तीचा झाला. युरोपात १९६२ पासून हॅलोजन बल्ब मोटारीत आला. या सगळ्या सुधारणांत प्रश्न एकच होता: उजेड रस्त्यावर पडू दे, समोरच्याच्या डोळ्यात नको.

डोळ्याच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न गंभीर आहे. तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की भिंग आणि आतले द्रव्य तो थोडा विखुरते आणि सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा पसरतो. त्या पडद्यामागे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस हरवतो. झोत निघून गेल्यावरही नजर सावरायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. नजर सावरायला तीन सेकंद लागले तर ५० मीटर अंतर आंधळेपणाने कापले गेले. वय वाढले, मोतीबिंदूची सुरुवात झाली, मधुमेहाने पडदा खराब झाला, की हा काळ आणखी लांबतो. आश्विनात कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला रात्रीचे पायी निघालेले भाविक आठवले, की या ५० मीटरचा अर्थ कळतो.

शिशाचे पेट्रोल

केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या नावावर १८० हून अधिक पेटंटे आहेत. गावाकडच्या शेतांवर, जिथे विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या, तिथे डेल्कोचे छोटे वीजसंच गेले आणि घरे उजळली. पण त्यांच्या आयुष्यात एक काळी बाजूही आहे, आणि डॉक्टरांना ती टाळता येत नाही.

इंजिन ठोके देते, म्हणजे नॉकिंग करते, त्यावर त्यांच्या विभागात उपाय शोधला जात होता. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. पेट्रोलमध्ये अगदी थोडे घातले की ठोके बंद. अल्कोहोलनेही ठोके थांबतात हे त्यांना ठाऊक होते, पण वाट शिशाची धरली गेली. १९२४ मध्ये त्यासाठी इथाइल कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात या रसायनावर काम करणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण दगावले, तीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. इतर कारखान्यांतही मृत्यू झाले.

शिसे हे जुने, ओळखीचे विष. ॲलिस हॅमिल्टन या व्यवसायजन्य आजारांच्या डॉक्टर बाईंनी आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी जाहीर विरोध केला. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली. तिथे केटरिंग यांनी शिशाच्या पेट्रोलची बाजू मांडली. विक्री काही काळ थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके जगभरच्या रस्त्यांवर धुराड्यातून शिसे उडत राहिले. ते लहान मुलांच्या रक्तात गेले आणि मेंदूच्या वाढीला बाधले. भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते २००० साली. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, त्यातून सुटला तो २०२१ मध्ये. ठोके थांबवण्याचे काम करू शकणारे अल्कोहोल आज उसाच्या मळीतून आणि रसातून तयार होऊन आपल्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते. साखर कारखान्यांचा जिल्हा असलेल्या सोलापूरला हे वेगळे सांगायला नको.

इथेही हिशेब दिव्यासारखाच होता. इंजिन सुरळीत चालले, त्याचा लाभ गाडीवाल्याला झाला. रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलाने त्याची किंमत मोजली, आणि त्या मुलाला कुणी विचारले नव्हते.

तापाची पेटी आणि कर्करोगाची संस्था

याच माणसाने वैद्यकाला मोठा हातभारही लावला. पेनिसिलीन येण्यापूर्वी सिफिलिस मेंदूत शिरला की उपाय नव्हता. रुग्णाला मुद्दाम हिवताप देऊन अंग तापवले तर काही जण सुधारतात, हे दाखवल्याबद्दल व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल मिळाले होते. पण रोग घालवायला दुसरा रोग देणे धोक्याचेच. केटरिंग आणि डॉ. वॉल्टर सिम्पसन यांनी डेटनच्या मायामी व्हॅली रुग्णालयात गरम, दमट हवेची पेटी तयार केली. रुग्णाचे डोके बाहेर, अंग पेटीत आणि ताप काही तास सुमारे १०५-१०६ फॅरनहाइटवर धरलेला. ताप हवा तेव्हा चढवता आणि उतरवता येऊ लागला. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आले आणि ही पेटी मागे पडली. पण तोवर ज्यांना दुसरी आशा नव्हती त्यांच्यासाठी ती एक वाट होती.

१९४५ मध्ये जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या ४० लाख डॉलरच्या देणगीतून न्यूयॉर्कला कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. उद्योगातल्या संशोधनाची शिस्त तिथे आणण्यासाठी केटरिंग यांची साथ घेतली गेली आणि संस्थेला दोघांचे नाव मिळाले, स्लोन-केटरिंग. आज कर्करोगाच्या उपचारात हे नाव जगभर आदराने घेतले जाते. १९४६ मध्ये ऑलिव्ह यांचे निधन झाले. केटरिंग त्यानंतर बारा वर्षे काम करत राहिले आणि २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, ८२ व्या वर्षी, डेटनमध्ये त्यांनी देह ठेवला. डेटनशेजारच्या एका शहराला आज त्यांचेच नाव आहे.

पिकअपवाल्यांनी यातून काय घ्यावे

केटरिंग यांची पद्धत होती बिघाड साखळीत शोधण्याची. उजेड कमी वाटला की आधी बल्ब न बदलता पुढील गोष्टी तपासाव्यात.

डोळे आधी तपासावेत. दिवा मंद झाला असे वाटणाऱ्या चालकाला कित्येकदा चष्म्याचा नंबर वाढलेला असतो किंवा मोतीबिंदू सुरू झालेला असतो. चाळिशीनंतर चालकाने वर्षातून एकदा डोळे दाखवावेत. मधुमेह असेल तर पडदाही तपासून घ्यावा. त्यानंतर समोरची काच आतून-बाहेरून पुसावी, दिव्याची पिवळी पडलेली काच घासून साफ करावी.

मग वीज मोजावी. इंजिन चालू, दिवा लावलेला, अशा स्थितीत बॅटरीवरचे आणि बल्बच्या होल्डरवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने पाहावे. तार असलेल्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी पडले की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर गंजलेला अर्थ, सैल प्लग किंवा बारीक वायर शोधावी. एकच दिवा मंद असेल तर बहुधा त्या बाजूचा अर्थ खराब असतो. रेस दिली की दोन्ही दिवे उजळत असतील तर बॅटरी किंवा अल्टरनेटर दाखवावा. थेट बॅटरीवरून फ्यूज घालून, रिलेमार्फत जाड वायर दिली तर कंपनीचा ५५ वॅटचा बल्बही आश्चर्य वाटावे इतका उजळतो. ९०-१०० वॅटचा बल्ब मूळ वायरिंगवर लावला तर मात्र होल्डर वितळतो, कधी वायर पेटते.

हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घालणे ही सगळ्यात सामान्य चूक. आतला आरसा बारीक तारेच्या ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्या जागी नेमक्या येत नाहीत, त्यामुळे झोत फुटून वर जातो. गाडीपुढची जमीन पांढरीशुभ्र दिसते, बाहुली आकसते आणि लांबचे उलट कमी दिसते. दिवा लुकलुकत असेल तर गाडीकडून येणारी वीज आणि बल्बमधले सर्किट यांचे जमत नाही, असे समजावे. पेटतच नसेल तर प्लस-मायनस उलटे लागलेले असू शकते. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे अप्पर-डिपरचा गोंधळ होतो. मागचा रबरी बूट काढून टाकला की पावसाळ्यात आत पाणी जमते. एलईडी हवाच असेल तर त्यासाठीच बनवलेला, प्रमाणित पूर्ण दिवा घ्यावा, आणि तोही डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेल्या दिव्याचा झोत समोरच्याच्याच डोळ्यांकडे उचललेला असतो. गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायद्याची बंधनेही आहेत.

शेवटी झोत लावून घ्यावा. सपाट जागी, टायरमध्ये नीट हवा भरून, नेहमीचा माल हौद्यात ठेवून गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करावी. मागे माल भरला की पिकअपचे नाक वर होते आणि रिकाम्या गाडीला लावलेला झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेपेक्षा निदान सात-आठ सेंटीमीटर खाली यायला हवी. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अर्ध्या तासात होते.

समोरून कुणाचा झोत आलाच, तर त्याच्याकडे न पाहता नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि वेग कमी करावा. उलट अप्पर मारून उत्तर देऊ नये. त्याने दोन दिपलेले चालक एकमेकांजवळून जातात, आणि मधल्या अंधारात कोण चालत असेल ते दोघांनाही दिसत नाही.